बर्फाचा नवस

मल्हारीचं आभाळाशी वैर होतं. माणसाचं भावकीशी वैर असतं, बांधाच्या शेजाऱ्याशी असतं, गेला बाजार तलाठ्याशी असतं. पण थेट आभाळाशी वाकडं धरलेला माणूस विंचूरच्या त्या सगळ्या पट्ट्यात हा एकटाच. बहात्तरच्या दुष्काळात तो अठरा वर्षांचा होता. गावानं तेव्हा जुनी रीत केली. महादेवाच्या गाभाऱ्याचा उंबरा चिखलानं लिंपला आणि तळाला गेलेल्या विहिरींचं पाणी घागरीघागरीनं वाहून पिंड बुडवली. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो, असा त्यामागचा विचार. त्या साली पाऊस काही आला नाही. पुढच्या साली आला, तेव्हा गाव म्हणालं, बघा, पावला की नाही देव. मल्हारी म्हणाला, "पावला, पण तोवर आपलं प्यायचं पाणी त्याच्या डोक्यावर गेलं." त्यावर थोरला भाऊ कोंडाजी यानं चारचौघांत त्याच्या पाठीत धपाटा घातला.

एकोणऐंशी साली मल्हारीनं आपला वाटा भावाच्या हवाली केला, मिळाले ते पैसे घेतले आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड टाकून त्यात लोखंडाच्या पट्टीतून तुकडे ठोकून काढणारा एक पॉवर प्रेस बसवला. "तुझी जमीन तुला आन् तुझं आभाळबी तुला," असं तो निघताना बोलून गेला. डोक्यावर पत्रा असला की वर काय चाललंय ते बघावं लागत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. कोंडाजी त्याला पळपुट्या म्हणाला आणि जमिनीत द्राक्षं लावून बसला. पुढची दहा वर्षं दोघे भाऊ भेटले ते लग्नात नाहीतर दहाव्याला, आणि तिथंही बोलले ते जेवणाच्या पंगतीत मीठ वाढण्यापुरतं. कोंडाजी कारखान्याची पायरी कधी चढला नाही.

शेडमध्ये बकलं बनत. दप्तराची, पट्ट्याची, घोड्याच्या लगामाची. शहाऐंशी साली मुंबईचा एक शेठ आला आणि त्यानं खिशातून एक रंगीत फोटो काढला. बर्फानं पांढराशुभ्र झालेला डोंगर, वर निळं आभाळ आणि एका रुंद फळीवर दोन्ही पाय बांधून वाकून उभा राहिलेला एक गोरा पोरगा. फळीला पाय बांधायच्या पट्ट्यांची बकलं हवी होती. माल युरोपात जाणार होता.

सहादू मिस्त्रीनं फोटो हातात घेतला. सहादू शेडमधला सगळ्यात जुना माणूस, मालकाच्याच गावचा.

"ह्यो कुठं चाललाय?"

"कुठं नाही," शेठ म्हणाला. "तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जातात आणि फळीवरून घसरत खाली येतात."

"मंग?"

"मग परत वर."

"खाली काय काम असतंय त्यांचं?"

"काही नाही."

सहादूनं डोकं खाजवलं. "मंग पहिल्यापास्नं खालीच थांबलं तर?"

"सगळे खालीच थांबले तर तुमची बकलं कोण घेणार?" शेठ म्हणाला. हे सहादूला पटलं. फोटो प्रेसच्या मागच्या भिंतीवर चिकटवला गेला.

दोन वर्षं धंदा असा उसळला की विचारू नका. शेडमधली माणसं पाचाची चौदा झाली. दप्तराच्या बकलांचं काम मल्हारीनं सातपूरच्या एकाला देऊन टाकलं, घोडे तर कधीच सोडून दिले होते. गंगापूर रोडला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. आता फक्त फळीची बकलं. आणि एकोणनव्वदच्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात तार आली: बर्फ नाही, माल थांबवा.

मल्हारीनं तार तीनदा वाचली. त्याला वाटलं, पोस्टवाल्यानं दुसऱ्या कुणाची तरी आणून टाकली. मग फोनवर शेठनं खुलासा केला. तिकडं या साली बर्फच पडला नव्हता. डोंगर हिरवेगार होते, गाई चरत होत्या, पाळण्यांच्या तारा नुसत्या लोंबत होत्या. फळ्या दुकानात पडून होत्या, तर बकलं कोण विचारतो.

ज्या माणसानं आभाळाला कंटाळून गाव सोडलं, त्याचं पोट दहा वर्षांनी दुसऱ्याच्या आभाळाला जाऊन टांगलं होतं, आणि ते आभाळ त्याला साधं बघायलाही मिळत नव्हतं. होळीपर्यंत काम सुटलं नाही तर शेडला कुलूप, हे चौदाही जणांना न सांगता कळलं होतं. कुलूप लावून जायचं कुठं, हे फक्त मल्हारीला माहीत होतं. कोंडाजीच्या दारात. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो बायकोजवळ बोललाही.

त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये रंगनाथ सर राहत. भूगोल शिकवून रिटायर झालेले. घरात पृथ्वीचा गोल आणि एक रेडिओ, त्यावर परदेशी बातम्या. मल्हारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसला.

"बर्फ का पडत नाही, सर?"

सर खूष झाले. बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं त्यांना आपणहून प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी गोल पुढ्यात घेतला. "हे बघ. समुद्रावरून ओले वारे येतात, या आल्प्सच्या डोंगरांना अडतात, थंडीनं बर्फ पडतो. पण यंदा त्या डोंगरांवर हवेचा जास्त दाब बसलाय. एसटीत तिघांच्या बाकावर एखादा धटिंगण पाय पसरून बसला की बाकीचे कसे पुढं सरकतात? तसे ढग बाजूनं निघून चाललेत."

"तो उठणार कधी?"

"ते त्याच्या मनावर. कधी वारे उत्तरेला सरकतात, कधी दक्षिणेला. पार पॅसिफिक महासागराचं पाणी कोमट झालं की गार झालं, याचाही त्यात हात असतो म्हणतात."

"म्हणजे अंबडच्या प्रेसचं बटण पॅसिफिकमध्ये आहे म्हणा की."

"हसू नकोस. तुझ्या भावाच्या द्राक्षांचंही तसंच आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वाऱ्यांच्या लाटा निघतात. काश्मिरात बर्फ टाकतात आणि उरलंसुरलं आपल्या निफाडला थंडी म्हणून येतं. त्यातच खालून दमट वारा येऊन मिळाला तर गारा. जगात कुणाचं हवामान वेगळं नसतं, मल्हारी. वाटणी फक्त जमिनीची होते."

हे शेवटचं मल्हारीला आवडलं नाही. तो चहा अर्धा टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सहादूनं विषय काढला. पावसासाठी महादेव पाण्यात बुडवतात, तर बर्फासाठी बर्फात बुडवावा. सरळ हिशेब होता. मल्हारी भडकला. अडाण्यांनो, तिकडचे डोंगर कुठं, आपला महादेव कुठं, शेठनं ऐकलं तर तोंडात शेण घालेल, असं बरंच बोलला. लेथवरचा भिमाजी शांतपणे डबा पुसत होता. तो नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतला, वाचनालयाचा सेक्रेटरी. "मालक बरोबर बोलतात," तो म्हणाला. सहादूनं आपला डबा बंद केला.

चार दिवसांनी मल्हारीनंच विचारलं, "बर्फाच्या लाद्या कुठं मिळतात रे?"

भिमाजी म्हणाला, "आमच्यात हे बसत नाही, मालक. पण लाद्या उचलायला माणूस लागतोच. मी येतो." त्याचीही नोकरी त्याच पत्र्याखाली होती.

देव गावचाच हवा होता, कारण बुडवून घ्यायची सवय त्यालाच. पण गाव सगळं द्राक्षांचं. जानेवारीत मण्यांत पाणी भरत असताना कुणी बर्फ मागायला आलंय असं कळलं असतं, तर लोकांनी मल्हारीलाच गाभाऱ्यात कोंडून वरून दार लिंपलं असतं. म्हणून सोमवारची दुपार धरली. सोमवारी सगळं गाव कांदे घेऊन विंचूरच्या लिलावाला जातं. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसानं बारा लाद्या म्हटल्यावर चेहरा पाडून विचारलं, "मयत झालीय का कुणी?" "अजून नाही," मल्हारी म्हणाला. लाद्या भुसा नि गोणपाटात गुंडाळून मेटाडोरमध्ये भरल्या.

नाथा गुरवाला धोतरजोडी आणि नारळ मिळाला, तेव्हा त्यानं फारसं विचारलं नाही. नवस म्हटल्यावर गुरव सहसा विचारत नाही. सहा लाद्या आत गेल्या, पिंड निम्मी झाकली, भिमाजीच्या हाताला मुंग्या आल्या. आणि तेवढ्यात दारात कोंडाजी उभा. कांद्याचा भाव पडला म्हणून गाडी तशीच परत घेऊन आला होता.

"हे काय रं?"

सहादू खांबाआड झाला. खरं सांगावं, तर धपाटा नाही, कुऱ्हाड बसली असती.

"तुझ्या बागेसाठी," मल्हारी म्हणाला. तोंडातून निघालं ते निघालं. मग खोट्याला खोटं जोडणं आलं. "औंदा लय थंडी हाय, गाराबी पडतील म्हणत्यात. म्हटलं, देवाला आधीच बर्फात ठेवावं. म्हंजी त्याला कळंल गारठा काय असतोय ते. मंग त्यो आपल्यावर नाय पाडायचा."

कोंडाजीनं उपरण्यानं डोळे पुसले, आणि कोंडाजी रडतोय हे गावात आई वारल्यावरही कुणी पाहिलं नव्हतं.

"तुला काय पडलीय बागंची?" तो म्हणाला. "तुझं बरं हाय. तुझ्या धंद्यात आभाळाची भानगड नाय. तरी माझ्यासाठी आलास." मग त्यानं बाह्या वर केल्या आणि उरलेल्या सहा लाद्यांतल्या चार स्वतः पाठीवर घेतल्या.

पुढचं सगळं मल्हारीच्या हातातून गेलं. थोरला भाऊ हजर असताना धाकटा संकल्पाला कसा बसणार? नाथानं कोंडाजीला बसवलं, हातावर पळीभर पाणी सोडलं आणि सवयीनं सगळा पत्ता घडाघडा म्हटला: गोदावरीच्या उत्तर तीरी, अमुक गावी, कोंडाजी नावाचा यजमान. संकल्पात आपण बसलोय त्याच जागेचा पत्ता सांगायचा असतो. परगावी पाठवायची त्यात सोय नाही. "काय मागायचं ते मनात मागा," नाथा म्हणाला. कोंडाजीनं डोळे मिटले. मल्हारीनंही मिटले आणि घाईघाईत मनात म्हणाला, बर्फ पडू दे. कुठं, ते सांगायचं राहून गेलं. त्याला त्या वेळी भाऊ शेजारी बसल्याचंच जास्त वाटत होतं.

त्यानंतरचे चार आठवडे मल्हारीच्या आयुष्यातले बरे दिवस होते. कोंडाजीनं गावभर सांगितलं, भाऊ असावा तर असा. पुढच्या रविवारी तो पहिल्यांदा अंबडला आला, हातात लवकर पिकलेल्या द्राक्षांची पाटी. शेडमधून चपला काढून फिरला. प्रेसला हात लावून पाहिला. चौदा माणसं हातावर हात ठेवून का बसलीत असं त्यानं विचारलं, तेव्हा मल्हारी म्हणाला, "मशीन दुरुस्तीला आहे." भिंतीवरच्या फोटोपुढं तो थबकला.

"हे काय?"

"कॅलेंडर."

"ह्याच्यावर तारखा नायत."

"फाटल्या," मल्हारी म्हणाला.

कोंडाजीच्या घरी जेवायला बोलावणं झालं. गोजराबाईनं, म्हणजे थोरल्या भावजयीनं, दहा वर्षांनी त्याला मांडे करून घातले. जेवणं झाल्यावर दोघे बागेत हिंडले. घड कसे भरलेत ते कोंडाजी पानं बाजूला सारून दाखवत होता, आणि दर चार वेलींनंतर म्हणत होता, "तुझ्या नवसाचं हाय हे सगळं." खरं सांगायचं तर त्या दिवशी मल्हारीला ऑर्डरची आठवणही झाली नाही. त्याला भाऊ हवा होता, इतकी वर्षं हवा होता, हे त्याचं त्यालाच तिथं कळलं. तिकडं बर्फ नाही पडला तरी चालेल, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण नवस मागे घ्यायची रीत कुणाला माहीत नसते.

व्यापाऱ्यानं बाग पाहून तोडणीला मंगळवार दिला. आदल्या रविवारी दुपारी नाशकात नुसता वारा सुटला, दोन थेंब पडले. सोमवारी सकाळी मल्हारी शेडवर गेला तर दारातच तार: बर्फ पडला, माल ताबडतोब पाठवा. शेठचा फोनही आला. तो धटिंगण अखेर बाकावरून उठला होता. दोन दिवसांत कंबरेएवढा बर्फ, लोकांची झुंबड, बकलं विमानानं हवीत. सहादूनं पेढे आणले. पोरांनी प्रेसला हार घातला. "अख्ख्या युरोपावर पाडला आपण," असं सहादू सांगत सुटला, आणि खरंच, नाकारायचं तरी कुणी?

तेवढ्यात, लाद्या नेल्या होत्या ती मेटाडोर विंचूरकडून आली. ड्रायव्हर खाली उतरला तोच तोंड उतरवून. काल दुपारी गावावर गारा झाल्या होत्या. वीस मिनिटं, लिंबाएवढ्या. सगळं गाव नाही, एक पट्टाच. कोंडाजीची बाग त्या पट्ट्याच्या मधोमध.

सहादूच्या हातातला पेढा तसाच राहिला.

भिमाजीनं प्रेसचं बटण बंद केलं. "सहादूभाऊ, तिकडचा बर्फ तुम्ही पाडला म्हणता," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. "मग हा कुणी पाडला? पत्ता तर तुम्ही गावचाच दिला होता."

मल्हारी स्कूटरला किक मारून निघाला. वाटेत ओझरपर्यंत त्यानं रंगनाथ सरांना आठवून पाहिलं. सर म्हणाले असते, वेड्या, वाऱ्यांचा नि तुझ्या लाद्यांचा काय संबंध. सरांचं खरं धरलं तर गारा त्याच्यामुळं पडल्या नव्हत्या. पण मग तिकडचा बर्फही त्याचा नव्हता. सहादूचं धरलं तर दोन्ही त्याचंच. बर्फापुरतं सहादूचं आणि गारांपुरतं सरांचं मानून चालतं का, हे त्यानं पिंपळगावपर्यंत करून पाहिलं. ते काही जमलं नाही. निफाडच्या पुढं त्यानं ठरवलं की कोंडाजीला सगळं सांगून टाकायचं. शेड, फोटो, फळी, बर्फ, सगळं. मग कुऱ्हाड तर कुऱ्हाड.

बागेत शिरल्यावर तो थांबला. वेलींच्या ओळींमधल्या सावलीत गारांचे ढीग अजून विरघळले नव्हते. पांढरे पट्टे पार टोकापर्यंत गेले होते. मांडवावर पानांच्या चिंध्या. घड सोललेल्यासारखे लोंबत होते आणि सगळ्या बागेत रसाचा आंबूस वास सुटला होता, त्यावर मधमाश्या. गोजराबाई बांधावर बसून होती. तिनं मल्हारीला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

कोंडाजी खाली बसून पडलेले मणी पाटीत भरत होता. मनुके होतील का बघत होता. रात्रभर झोपला नसावा. मल्हारी त्याच्यासमोर उकिडवा बसला. तार त्याच्या खिशात होती.

"दादा," तो म्हणाला. दहा वर्षांत त्यानं भावाला दादा म्हटलं नव्हतं. "मला तुला एक सांगायचंय. ते बर्फाचं..."

"माहीत हाय मला," कोंडाजी म्हणाला.

मल्हारीनं खिशातली तार मुठीत धरली.

"सकाळीच नाथाला जाऊन ईचारलं," कोंडाजी मणी वेचत म्हणाला. "त्यो म्हनला, बर्फ दोन दिसांत इरघळला. देवाला पुरता गारठा लागलाच नाय. बाराच लाद्या होत्या, कमी पडल्या. तू मनाला लावून घेऊ नगं. तू तुझ्याकडनं केलंस, सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं केलंस." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तो जरासा हसला. त्यानं पाटीचा एक कान धरला आणि दुसरा मल्हारीपुढं केला. "पुढल्या साली चोवीस घालू. बारा तुझ्या, बारा माझ्या."

मल्हारीनं पाटीचा कान धरला.

"घालू," तो म्हणाला.